ख्रिस्ती धर्मातलं 'मनपरिवर्तन' म्हणजे नेमकं काय? गुलामांच्या जहाजाच्या कप्तानाची गोष्ट

'कन्व्हर्जन' म्हटलं की आपल्याला धर्मांतर आठवतं. एक धर्म सोडला, दुसरा स्वीकारला, विषय संपला. ख्रिस्ती परंपरेत मात्र या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो आधीपासूनच ख्रिस्ती असलेल्या माणसाला लागू होतो.

बायबलच्या नव्या करारात यासाठी 'मेटानोइया' हा ग्रीक शब्द येतो. त्याचा अर्थ मन बदलणं, विचारांची दिशा बदलणं. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'पश्चात्ताप' हा शब्द आहे. तो बाप्तिस्म्याच्या दिवशी पूर्ण होत नाही. श्रद्धावंताचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं, हा मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये मांडलेल्या ९५ मुद्द्यांपैकी पहिलाच मुद्दा होता. कॅथलिक चर्चमध्ये दरवर्षी राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून उपवासकाळ सुरू होतो, त्यामागेही हाच विचार आहे.

मग नम्रतेचा संबंध काय?

लूकच्या शुभवर्तमानात येशूचा एक दाखला आहे. एक परूशी आणि एक जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी हा धर्मनियम काटेकोरपणे पाळणारा. तो आपल्या उपवासांची आणि दानाची यादी देवाला ऐकवतो, वर 'मी या जकातदारासारखा नाही' म्हणून आभारही मानतो. जकातदार मान खाली घालून फक्त दया मागतो. येशू म्हणतो, देवापुढे नीतिमान ठरला तो जकातदारच.

परूशी खोटं बोलत होता, असं दाखला म्हणत नाही. अडचण वेगळी होती. आपल्यात बदलण्यासारखं काही उरलंय, असं त्याला वाटतच नव्हतं. म्हणून ख्रिस्ती विचारात नम्रता म्हणजे स्वतःला तुच्छ समजणं नव्हे, तर 'मी अजूनही चुकत असेन' ही शक्यता मान्य करणं.

जॉन न्यूटनला लागलेली ४० वर्षं

'अमेझिंग ग्रेस' हे जगप्रसिद्ध भक्तिगीत लिहिणारा जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी होता. मार्च १७४८ मध्ये उत्तर अटलांटिक महासागरात त्याचं जहाज वादळात सापडलं. जीव वाचला आणि तो देवाकडे वळला. शिवीगाळ सोडली, प्रार्थना सुरू केली.

पण गुलामांचा व्यापार त्याने सोडला नाही! उलट १७५० पासून तो गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. तो जहाजावर प्रार्थना घ्यायचा, आणि त्याच जहाजावर आफ्रिकेतून आणलेली माणसं साखळदंडात असायची. यात काही गैर आहे, असं त्याला तेव्हा वाटलंच नाही, हे त्यानेच नंतर लिहून ठेवलंय. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला, तोही आजारपणामुळे.

१७६४ मध्ये तो पाद्री झाला. १७८८ मध्ये, वादळानंतर तब्बल ४० वर्षांनी, त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका छापली. त्यात स्वतःचा सहभाग मान्य केला आणि ही कबुली फार उशिरा येतेय, हेही लपवलं नाही. तोवर तो लंडनमधला नावाजलेला धर्मोपदेशक होता. गप्प राहणं सोपं होतं. पुढे त्याने संसदेच्या समितीपुढे साक्षही दिली. १८०७ मध्ये ब्रिटनने हा व्यापार कायद्याने बंद केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूटनचं निधन झालं.

त्याच्या कबुलीने मधल्या काळात विकली गेलेली माणसं परत आली नाहीत. म्हणूनच 'मी आता बदललोय' असं म्हणून थांबणं ख्रिस्ती परंपरेत धोक्याचं मानतात. पापकबुली, रोजचं आत्मपरीक्षण, उपवासकाळ या सगळ्या प्रथा माणसाला तोच प्रश्न पुन्हा विचारतात: आज मला जे अगदी योग्य वाटतंय, त्याची किंमत दुसरं कोणी मोजत तर नाही ना?