कान्हेरीचे हजार वर्षांपूर्वीचे पाहुणे

मंडळी, आमच्या गोडदेवहून कान्हेरी तशी जवळच. भाईंदरला लोकल पकडली की तिसरं स्टेशन बोरिवली. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात, बिबट्या-चितळांच्या राज्यात, ही १०० हून अधिक बौद्ध लेणी आहेत.

शाळांच्या सहली येतात, ३ क्रमांकाच्या लेण्यातल्या उंच बुद्धमूर्तीपुढे फोटो काढतात, डबे खातात आणि परततात. माझं म्हणणं, मुलांना ९० क्रमांकाच्या लेण्यातही न्यावं. तिथे पहलवी लिपीतले लेख आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी आपली व वडिलांची नावं आणि भेटीची तारीख कोरून ठेवली आहे. धर्म वेगळा, तरी डोंगर चढून लेणी पाहायला आले! पारशी इकडे वसल्याच्या जुन्या पुराव्यांपैकी हा एक.

आता एखादा द्वाड मुलगा विचारणारच, "मग सर, आम्ही नाव कोरलं तर काय बिघडलं?" १९५८ चा कायदा सांगून त्याला गप्प करता येईल. पण खरं उत्तर निराळं आहे. ती नावं आज वाचता येतात, कारण नंतर आलेल्यांनी त्यांच्यावर आपली कोरली नाहीत. आपण कोरलं, तर कुणाचं तरी पुसलं जाईल.

म्हणून सहलीला मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्या. नाव, तारीख, दिसलेली मूर्ती, दिसलेला पक्षी, सारं त्यात उतरू दे. असो. तुम्ही ते लेख पाहिलेत का? जरूर कळवा.