किल्ली कुणाकडे? आयडी-आधारित आणि सर्टिफिकेटविना एन्क्रिप्शन

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं २७ एप्रिल २०११ ला. हक्क एकाचा, किल्ली दुसऱ्याकडे. क्रिप्टोग्राफीतही हाच पेच आहे.

पब्लिक की नेमकी कुणाची हे सांगणारं सर्टिफिकेट, ही कल्पना लॉरेन कोनफेल्डर यांनी १९७८ साली एमआयटीत मांडली, तीही पदवीच्या प्रबंधात (पीएचडीच्या नाही, हे लक्षात ठेवा!). पण सर्टिफिकेटं द्या, तपासा, रद्द करा, ही कटकट मोठी. १९८४ मध्ये आदी शमीर म्हणाले, माणसाचं नाव किंवा ईमेलच पब्लिक की होऊ दे. सहीची पद्धत त्यांनी दिली, एन्क्रिप्शनची नाही. वापरता येईल अशी बोने-फ्रँकलिन स्कीम यायला २००१ उजाडलं. तिच्यात एक केंद्र आपल्या मास्टर-कीनं तुमच्या नावापासून प्रायव्हेट की बनवून देतं. म्हणजे तुमचं सगळं केंद्राला वाचता येतं.

२००३ मध्ये सत्तम अल-रियामी या पीएचडीच्या विद्यार्थ्यानं मार्गदर्शक केनी पॅटरसन यांच्यासोबत यावर तोड काढली. केंद्राची की अर्धीच धरायची आणि तिला आपण निवडलेल्या गुप्त संख्येनं गुणायचं. ती संख्या केंद्राला ठाऊक नसते.

या दोन स्कीम वेगळ्या जातीच्या वाटतात. मलाही बरेच दिवस वाटायच्या. पेपर शेजारी-शेजारी ठेवून बघा. गुप्त संख्या १ घेतली की अल-रियामींची मूळ स्कीम जशीच्या तशी बोने-फ्रँकलिन होते. अर्धी की तीच, मास्टर-की तीच, त्यामुळे एकच केंद्र दोन्ही चालवू शकतं.

गोम इथेच आहे. सर्टिफिकेट नसल्यानं पब्लिक की कुणीही बदलू शकतो. समजा, कुणी तुमच्या कीच्या जागी १ वाली ठेवली. पाठवणाऱ्याकडची तपासणी पास होते, कारण ती फक्त कीचे दोन भाग एकमेकांशी जुळतात का तेवढंच बघते. अर्धी की तुमच्याकडे आहेच. सॉफ्टवेअर दोन्ही स्कीम चालवत असेल तर मेसेज उघडतो आणि तुम्हाला संशयही येत नाही. केंद्राला मात्र तो वाचता येतो. मूळ व्याख्येत केंद्र स्वतः की बदलत नाही असं गृहीत आहे, आणि इथे त्यानं बदललेलीही नाही!

उपाय म्हणजे दोन्ही स्कीमसाठी नावापुढे वेगवेगळा शब्द जोडून हॅश करायचं. मग असा मेसेज उघडणार नाही, गडबड निदान लक्षात येईल. पण तेव्हा प्रत्येकाला केंद्राकडून दोन अर्ध्या की घ्याव्या लागतात, आणि सुसंगततेचा निम्मा फायदा तिथेच जातो.