कायखंडनिर्मिती

कायखंडनिर्मिती : पृष्ठवंशी (पाठीचा कणा असलेल्या) प्राण्यांच्या भ्रूणात तंत्रिका नलिकेच्या (मेरुरज्जूच्या पूर्वरूपाच्या) दोन्ही बाजूंस कोशिकांचे (पेशींचे) लहान ठोकळे जोडीजोडीने तयार होतात, त्यांना कायखंड असे म्हणतात. मणके, बरगड्या, धडाचे व हातापायांचे स्नायू आणि पाठीवरील त्वचेचा आतील थर यांचा उगम कायखंडांत होतो. मस्तकाकडून शेपटीकडे एकामागून एक हा त्यांचा क्रम सर्वत्र आढळतो. कोंबडीच्या भ्रूणात दर ९० मिनिटांनी, उंदराच्या भ्रूणात सु. दोन तासांनी, तर झेब्रा माशाच्या भ्रूणात २८° से. तापमानास सु. ३० मिनिटांनी एक नवी जोडी सुटी होते. जोड्यांची एकूण संख्याही त्या त्या जातीत जवळजवळ ठरलेली असते : कोंबडीत पन्नासच्या आसपास, उंदरात सु. ६५, तर कॉर्न स्नेक या सापात ३१५. हा ठेका कोण धरतो व ही मोजणी कोण करते, हा भ्रूणविज्ञानातील जुना प्रश्न होय. त्याचे उत्तर प्रथम गणिताच्या वाटेने सुचले आणि वीस वर्षांनी प्रयोगात सापडले.

उबवणीच्या अंड्यातील कायखंड सतराव्या शतकापासून परिचित आहेत. इटालियन शारीरविज्ञ मार्चेल्लो मालपीगी यांच्या १६७३ मधील कोंबडीच्या भ्रूणावरील प्रबंधातील चित्रांत ते दिसतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन भ्रूणवैज्ञानिक रोबेर्ट रेमाक यांनी दाखवून दिले की, एक कायखंड म्हणजे एक मणका नव्हे. एका कायखंडाचा मागील अर्धा भाग व त्यामागच्या कायखंडाचा पुढील अर्धा भाग मिळून एक मणका बनतो. त्यामुळे एका कायखंडातून आलेला स्नायू दोन मणक्यांना जोडतो आणि पाठ वाकू शकते. पुढील शंभर वर्षांत वर्णन पुष्कळ झाले. कारणमीमांसा मात्र फारशी पुढे सरकली नाही.

तिला चालना मिळाली ती बेडकाच्या भ्रूणापासून. लंडनमधील नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेतील भ्रूणवैज्ञानिक जोनाथन कुक यांनी १९७५ साली असे दाखविले की, सुरुवातीच्या अवस्थेत काही भाग काढून टाकल्यामुळे लहान राहिलेल्या भ्रूणातही कायखंडांची संख्या बदलत नाही. प्रत्येक कायखंड तेवढा लहान होतो. ठोकळ्याची लांबी ठरलेली आणि भ्रूणात मावतील तितके ठोकळे, असे असते तर लहान भ्रूणात ते कमी भरले असते.

वॉरिक विद्यापीठातील गणितज्ञ क्रिस्टोफर झीमन यांच्यासह कुक यांनी १९७६ साली याचे स्पष्टीकरण मांडले. झीमन हे कॅटास्ट्रोफी सिद्धांताचे (सावकाश बदलणाऱ्या कारणांतून एकाएकी घडणाऱ्या बदलांच्या गणिताचे) पुरस्कर्ते होते. या उपपत्तीनुसार अखंडित मध्यस्तरातील (अद्याप खंड न पडलेल्या ऊतकातील) प्रत्येक कोशिकेत एक घड्याळ असते, शेजारशेजारच्या कोशिकांची घड्याळे एकमेकींशी जुळलेली असतात आणि परिपक्वतेची एक सीमा मस्तकाकडून शेपटीकडे सरकत असते. या सीमेस तरंगाग्र म्हणतात. घड्याळाच्या एका फेऱ्यात तरंगाग्र जेवढे अंतर कापते तेवढ्या पट्ट्यातील कोशिका एकदमच कायखंडात रूपांतरित होतात. शिवणयंत्रात सुईची गती व कापडाचा वेग यांवरून टाक्याची लांबी ठरते, तसाच हा प्रकार आहे. भ्रूण लहान असल्यास तरंगाग्र तेवढ्याच काळात कमी अंतर कापते. फेरे तितकेच, टाके तितकेच, पण आखूड. काळाचे रूपांतर अंतरात होते, ही या उपपत्तीतील मूळ कल्पना होय.

असे घड्याळ मात्र कोणी पाहिले नव्हते. १९८२ मध्ये हान्स माइनहार्ट यांनी आंदोलनांवर आधारित निराळी गणिती प्रतिकृती मांडली. त्या दशकाच्या अखेरीस क्लॉडिओ स्टर्न व त्यांचे सहकारी यांनी कोशिका विभाजनाच्या चक्रालाच घड्याळ मानले. कोंबडीच्या भ्रूणास थोडा वेळ उष्णता दिल्यास सहा-सात कायखंडांच्या अंतराने पुनःपुन्हा विकृती उद्‌भवतात, हा त्यांचा पुरावा नजरेआड करण्याजोगा नव्हता. परस्परविरोधी उपपत्तींमधून निवड करण्यास आवश्यक तो रेणवीय पुरावा नव्हता, आणि जीवशास्त्रात अशा अवस्थेत गणिती प्रतिकृतींकडे काहीशा संशयानेच पाहिले जाते.

हा पुरावा मार्से येथील प्रयोगशाळेतून आला. तेथील फ्रेंच विकासजीववैज्ञानिक ऑलिव्हिए पूर्क्ये यांनी निकोल ल द्वारें यांच्या हाताखाली कोंबडीच्या भ्रूणावरील शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले होते. फळमाशीच्या शरीराचे खंड पाडण्यात भाग घेणाऱ्या ‘हेअरी’ या जीनाशी साम्य असलेला ‘सी-हेअरी-१’ हा कोंबडीतील जीन अभ्यासास घेतला असता, सारख्याच वयाच्या भ्रूणांत त्याच्या क्रियाशीलतेचे पट्टे निरनिराळ्या जागी आढळले. हा प्रयोगातील दोष आहे असे म्हणून विषय सोडून देणे सोपे होते. त्याऐवजी इझाबेल पाल्मेरिम या पोर्तुगीज संशोधक विद्यार्थिनीने भ्रूणाच्या मागील भागाचे मध्यरेषेवर दोन उभे भाग केले. एक भाग लगेच रसायनात स्थिर केला. दुसरा काही काळ वाढू दिला व मग स्थिर केला. दोन्ही भागांतील पट्टे जुळले नाहीत. मात्र दुसरा भाग नेमकी ९० मिनिटे वाढू दिला, तेव्हा तोच पट्टा त्याच जागी पुन्हा दिसला आणि दरम्यान एका कायखंडाची भर पडली होती. उभ्या ज्वारीवरून वाऱ्याची लाट जावी व ताटे जागीच राहावीत, तसा कोशिका न हलता हा पट्टा शेपटीकडून पुढे सरकत होता. ऊतकाचे तुकडे वेगळे केले तरी त्यांतील आंदोलने थांबली नाहीत. कायखंडात सामील होण्यापूर्वी कोशिका असे बारा फेरे पूर्ण करते, असेही दिसून आले.

डेव्हिड इश-होरोविट्झ व दोमिंगुश एनरिक यांच्या सहकार्याने झालेले हे संशोधन १९९७ साली प्रसिद्ध झाले. या शोधाचे श्रेय पुष्कळदा एकट्या पूर्क्ये यांना दिले जाते, ते योग्य नव्हे. मूळ निबंधावर पहिले नाव पाल्मेरिम यांचे आहे, आणि वरील प्रयोगाइतका साधा व निर्णायक प्रयोग आधुनिक जीवशास्त्रात क्वचितच आढळतो.

तरंगाग्राचा उलगडा २००१ मध्ये त्याच प्रयोगशाळेत झाला. एफजीएफ-८ हे प्रथिन शेपटीकडे जास्त व मस्तकाकडे कमी असते आणि ते कोशिकांना अपक्व ठेवते. त्यात भिजविलेला मणी भ्रूणात ठेवला असता कायखंड लहान झाले, तर त्याची क्रिया रोखली असता मोठे झाले. घड्याळाच्या यंत्रणेत प्रथिनाने स्वतःच्याच जीनाला दाबण्याची क्रिया व तीत होणारा विलंब महत्त्वाचा असल्याचे ज्युलियन लुईस यांनी २००३ मध्ये गणिताने मांडले. जपानमध्ये र्योइचिरो कागेयामा यांच्या गटाने २००४ मध्ये उंदरातील एचईएस-७ या प्रथिनाचा अर्धायुकाल २२ मिनिटांवरून ३० मिनिटांवर नेला. एवढ्यानेच आंदोलने तीन-चार फेऱ्यांनंतर मंदावली व कायखंड विस्कळीत झाले.

मानवी वैद्यकाशी या संशोधनाचा निकटचा संबंध आहे. काही बालकांत मणके व बरगड्या जन्मतः वेड्यावाकड्या किंवा एकमेकींस जुळलेल्या असतात, धड आखूड राहते आणि छातीचा पिंजरा लहान असल्याने श्वसनास अडथळा होतो. या आनुवंशिक विकाराच्या एका प्रकाराचे मूळ २००० मध्ये डीएलएल-३ या जीनात आढळले. २००८ मध्ये एचईएस-७ मधील दोषही सापडला. पूर्वी ज्यांचे निदान केवळ क्ष-किरण चित्रावरून होत असे, अशा काही कुटुंबांना त्यामुळे विकाराचे कारण सांगता येऊ लागले.

मानवी घड्याळाचे प्रत्यक्ष मापन मात्र बराच काळ अशक्य होते. कारण ते गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून पाचव्या आठवड्यापर्यंत, मातेच्या शरीरातच चालते. २०२० मध्ये पूर्क्ये यांच्या हार्व्हर्ड येथील गटाने व जपानमधील संशोधकांनी मूल कोशिकांपासून (कोणत्याही ऊतकात रूपांतरित होऊ शकणाऱ्या कोशिकांपासून) अखंडित मध्यस्तर तयार करून ही आंदोलने काचपात्रात पाहिली. त्यांचा आवर्तकाल सु. पाच तास भरला. तशाच रीतीने वाढविलेल्या उंदराच्या कोशिकांत तो त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. दोहोंत जीन जवळजवळ तेच असून मानवी कोशिकांत प्रथिनांची निर्मिती व विघटन सावकाश होते. त्यांच्या चयापचयाचा वेग वाढविल्यास घड्याळही जलद चालते, असे २०२३ मध्ये दाखविण्यात आले. निरनिराळ्या जातींत हा वेग मुळात कशाने ठरतो, यावर संशोधन चालू आहे.