मोठी गाडी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारणही तसंच आहे. २०२५ च्या दसऱ्याला आमच्या दारात साडेतीनशे सीसीची मोटारसायकल आली, आणि ती माझ्या नावावर आहे. वय वर्षे चौऱ्याहत्तर. बातमी पुण्याला आणि नागपूरला त्याच दिवशी पोचली, आणि दोन्हीकडून जे बोलायचं ते बोलूनही झालं. आमची ही चार दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. टिळक चौकात एका जुन्या विद्यार्थ्याने गाडी पाहिली, मग मला पाहिलं, मग पुन्हा गाडी पाहिली. "काहून जी सर, आता या वयात मोठी गाडी?"

चौकात उभं राहून उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे साध्या प्रश्नाचं उत्तरही मला मागून सुरू केल्याशिवाय देता येत नाही. तर मागून सुरू करतो.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आसपास, वणीत रस्त्यावर असायच्या त्या बंड्या, सायकली आणि एसटी. मोटारसायकल आली की पोरं मागे धावायची. आणि गंमत बघा, त्या काळात जी काही मोटारसायकल दिसायची ती मोठीच असायची! छोटी नावाची भानगडच नव्हती. बुलेट साडेतीनशेची. ती आधी आपल्या लष्करासाठी इंग्लंडहून आली आणि १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. दुसरी जावा, अडीचशेची, मूळ चेकोस्लोव्हाकियाची. १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यात बनायची, १९७३ नंतर तिचंच नाव येझदी झालं. तिची खुबी अशी की किक आणि गिअर यांचा दांडा एकच. किक मारायची आणि तोच दांडा पुढे वळवून गिअरला वापरायचा. गावातल्या एका डॉक्टरांकडे जावा होती. ते आत रोग्याला तपासत असले की आम्ही बाहेर त्या दांड्याला तपासत असू. आणि तिसरी राजदूत, पावणेदोनशेची, पोलंडच्या गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने काढलेली. दूधवाले, ग्रामसेवक, जरा बरी शेती असलेले पाटील, सगळे राजदूतवर. दोन कॅन इकडे, दोन कॅन तिकडे, मध्ये मालक. १९७२ मध्ये सरकारची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. त्यानंतर चुकारा हातात आला की राजदूत घेतलेले शेतकरी मी पाहिले आहेत. चुकारा लांबला की ती राजदूत विकलेलेही पाहिले आहेत.

पुढे 'बॉबी' (१९७३) आला आणि पोरांना छोट्या राजदूतचं वेड लागलं. 'शोले' (१९७५) आला आणि बाजूच्या डब्यासकट मोटारसायकल सगळ्यांच्या डोक्यात बसली. ती बीएसए होती, जुनी इंग्रजी गाडी. पण ते सिनेमातलं. मास्तर, कारकून, पोस्टमन यांच्या घरात मोटारसायकल येतच नसे. आमच्यासारख्यांचं स्वप्न होतं स्कूटर.

आणि स्कूटरचा इतिहास म्हणजे रांगेचा इतिहास.

आजच्या मुलांना हे खरं वाटत नाही. शोरूममध्ये जाऊन, पैसे भरून, तासाभरात गाडी घेऊन येणाऱ्या माणसाला कसं समजावायचं की तेव्हा पैसे खिशात असूनही गाडी मिळत नसे? कोणत्या कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या हे दिल्लीत ठरायचं. परवान्यापेक्षा जास्त उत्पादन हा गुन्हा होता. पुण्याला आकुर्डीत बजाजचा कारखाना, इटलीच्या व्हेस्पाच्या परवान्यावर सुरू झालेला. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून 'चेतक' आली. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' तयार होऊ लागली. पण मागणी डोंगराएवढी आणि परवाना मुठीएवढा. जास्त गाड्या काढल्या म्हणून तुरुंगात जावं लागलं तरी जाईन, अशा अर्थाचं राहुल बजाज बोलून दाखवत. नंबर लागायला आठ-आठ, दहा-दहा वर्षं. परदेशातून डॉलर पाठवणारा कोणी असेल तर मात्र लवकर. मुलीच्या लग्नात 'स्कूटरचा नंबर' देणारे सासरेही होते. म्हणजे गाडी नाही, रांगेतली जागा!

आमच्या नानांनी १९७२ मध्ये नंबर लावला. नाना कचेरीत कारकून. आयुष्यभर सायकल. मी तेव्हा बी.ए.ला होतो. नंबर लावायला नाना नागपूरला एसटीने गेले. पांढरा शर्ट, टोपी, खिशात मोजून ठेवलेले पैसे. पावती त्यांनी पेटीत ठेवली, आमच्या जन्मपत्रिकांशेजारी. मग आम्ही वाट पाहिली. सुरुवातीला रोज बोलणं व्हायचं, रंग कोणता, ठेवायची कुठे, पावसात झाकायची कशाने. ओसरीच्या एका कोपऱ्यातल्या दोन फरश्या नानांनी मुद्दाम सारख्या करून घेतल्या होत्या. नंतर बोलणं कमी झालं. मग बंद झालं.

१९७९ मध्ये नाना गेले. १९८१ मध्ये पत्र आलं, आपला नंबर लागला आहे.

गाडी घरी आली. आठ दिवस त्या सारख्या केलेल्या फरश्यांवर उभी होती. आईने तिला कुंकू लावलं. रात्री सगळे झोपल्यावर मी जाऊन तिच्यावर बसायचो, स्टँडवरच, चावी न लावता. त्याच उन्हाळ्यात धाकटीचं लग्न ठरलं होतं आणि घरात पैसा नव्हता. नव्या स्कूटरला तेव्हा कारखान्याच्या किमतीपेक्षा बरेच वर पैसे मिळत. भाऊंनी (माझे थोरले बंधू) विचारलं, "काय करायचं?" मी म्हटलं, "विका." नोकरी मला होती, चालवायची हौस मलाच होती, म्हणून विचारलंही मलाच. कागद कसे केले ते भाऊंनाच ठाऊक. नवव्या दिवशी सकाळी ओसरी रिकामी होती आणि मी सायकलवर शाळेत गेलो.

हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. असो.

१९८५ मध्ये मी लूना घेतली. पन्नास सीसी, पायडल असलेली. कायनेटिकच्या फिरोदियांनी १९७२ मध्ये बाजारात आणलेली, मास्तर लोकांची खरी मैत्रीण. पेट्रोल संपलं की सायकल, चढ आला की अर्धी सायकल. तिच्यावर मी नऊ वर्षं शाळेत गेलो, आणि तिच्यावर बसून मला कधी कोणी 'या वयात?' असं विचारलं नाही. लूनाला वय नसतं.

नेमक्या त्याच वर्षांत देशात मोठा बदल झाला, तो आम्हाला तेव्हा कळला नाही. १९८४ ते ८६ या दोन-तीन वर्षांत जपानी कंपन्यांशी करार होऊन शंभर सीसीच्या गाड्या आल्या. सुझुकी, यामाहाची आरएक्स, बजाजची कावासाकी, आणि हिरो होंडाची सीडी १००. ही शेवटची फोर-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळायची कटकट नाही आणि लिटरमागे पळायची किती तर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नसे. पाहता पाहता राजदूत मागे पडली. येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. बुलेटची कंपनीही बुडता बुडता वाचली. म्हणजे आपल्याकडे मोटारसायकलचा प्रवास छोट्याकडून मोठीकडे झालाच नाही. आधी मोठी होती, मग सगळा देश शंभरवर आला, आणि मग २००१ मध्ये बजाजने पल्सर काढली, दीडशे आणि एकशेऐंशीची, तेव्हापासून पुन्हा चढण सुरू झाली. जी कंपनी स्कूटरच्या रांगेवर मोठी झाली तिनेच ही वाट धरली, आणि २००९ मध्ये स्कूटर बनवणंच थांबवलं. (चेतक पुन्हा आली आहे २०२० पासून, पण विजेची. आवाज नाही. तिला मी चेतक म्हणायला अजून तयार नाही.)

मी मात्र या इतिहासाच्या दहा पावलं मागे. १९९४ मध्ये वापरलेली चेतक घेतली, रांग तोवर संपली होती. निवृत्तीनंतरही तीच. मोटारसायकल शिकलो ती पासष्टाव्या वर्षी, मुलगा पुण्याला जाताना मागे ठेवून गेलेल्या स्प्लेंडरवर. शासकीय मैदानावर पहाटे पाचला जायचो, कोणी बघू नये म्हणून. वीस वर्षं डाव्या हाताच्या मुठीने गिअर टाकलेला माणूस. पाय गिअरवर न्यायचा तर हातच वळायचा.

आता कायद्याचं. युरोपात लहान गाडीचा, मधल्या गाडीचा आणि मोठ्या गाडीचा परवाना वेगवेगळा असतो, वय आणि अनुभव पाहून वरची पायरी देतात. आपल्याकडे 'गिअरची मोटारसायकल' एवढंच. ज्या कागदावर स्प्लेंडर चालते त्याच कागदावर साडेसहाशेची पण. फक्त पंचावन्न ओलांडलं की परवाना पाच-पाच वर्षांचाच. मला डॉक्टरचा दाखलाही लागला. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असल्याने पाटीवरची शेवटची ओळ मी खणखणीत वाचली. डॉक्टर म्हणाले, "सर, डोळे ठीक आहेत. गुडघ्यांचं काय?" त्याचा रकाना फॉर्मात नव्हता.

मोठी म्हणजे किती, हे शेवटी सरकारनेच ठरवून दिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसचा अठरा टक्के झाला, त्यावरच्यांचा चाळीस. एके काळी ज्या सरकारने नानांना सात वर्षं उभं केलं त्याने मला करात दहा टक्के सूट दिली. मी रॉयल एनफिल्डची हंटर घेतली. क्लासिक जास्त देखणी आहे हे मान्य, पण ती १९५ किलो, ही १८१, आणि बैठकही जरा खाली. चौदा किलोचा फरक तरुणाला वाटत नाही. मला वाटतो. स्प्लेंडर एकशेबारा किलोच्या आसपास, म्हणजे एकदम सत्तर किलो, एक आख्खा माणूस जास्त!

आता पुण्याच्या मंडळींनी बसून घ्यावं. मी पडलो होतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आपल्याच गल्लीच्या वळणावर, वेग जवळजवळ शून्य. वळताना पुढचा ब्रेक दाबला, डावा पाय टेकवला तो मुरमावर, आणि गाडी हळूच, अगदी नम्रपणे आडवी झाली. मी पण. गुडघ्याला खरचटलं, बाकी काही नाही. दोन पोट्टे धावत आले, "सर, लागलं का जी?" त्यांनी गाडी उचलली. मी तिथेच ओट्यावर बसलो आणि पहिल्यांदा वाटलं की द्यावी परत. १९८१ मध्ये 'विका' म्हटलं तितक्या सहज तोंडातून निघालं असतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे गेलो. तो माझाच विद्यार्थी, दहावीला इतिहासात जेमतेम पस्तीस. त्याने मला तासभर शिकवलं. मोठी गाडी पळताना त्रास देत नाही सर, म्हणाला, थांबताना देते. हळू वेगात आणि हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक नाही, मागचाच, आणि क्लच अर्धा धरून ठेवायचा. एबीएस आहे (१२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचं आहे), पण ते चाक लॉक होऊ देत नाही, पडायचं थांबवत नाही. आणि पडलीच तर पाठ गाडीकडे करायची, सीटला टेकून खाली बसायचं, एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला, आणि पायांनी रेटत मागे मागे चालायचं. कंबरेने उचलायची नाही. त्याने गाडी मुद्दाम आडवी केली आणि मला उचलायला लावली. तिसऱ्या खेपेला उभी झाली. शाळेत मी त्याला एवढ्या शांतपणे शिकवलं होतं का, आठवत नाही.

तेव्हापासून नियम केलाय. अंधारात नाही, पावसात नाही, आणि कोळशाचे ट्रक सुरू व्हायच्या आत घरी. वणीत राहणाऱ्याला हे शेवटचं समजावून सांगायला नको. सकाळी सहाला निघायचं, वरोऱ्याच्या रस्त्याने पाटाळ्याजवळ वर्धेच्या पुलापर्यंत, आणि परत. हिने एवढंच सांगितलं आहे की पुलावर पोचलं की फोन करायचा. फोन करतो. ती "हं" म्हणते आणि ठेवते.

भाऊबीजेला धाकटी आली. अडुसष्ट वर्षांची. ओवाळून झाल्यावर तिने विचारलं, "दादा, मला नेशील?" तिला हेल्मेट घालून दिलं, ती एका बाजूला पाय करून बसायला लागली, म्हटलं तसं नाही, दोन्हीकडे पाय. पंजाबी ड्रेस घालून आली पुन्हा. गल्लीच्या वळणावर मी मागचा ब्रेक वापरला. पुलावर गाडी स्टँडवर लावली, खाली नदीत पाणी बऱ्यापैकी होतं. तिने सीटवर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नानांनी हिच्यावर प्लॅस्टिक चढवलं असतं."

मी घरी फोन करायला विसरलो. परत आलो तेव्हा ही फाटकात उभी होती.