जुन्या 'एमजी'चे मूळपण आणि तिचा बाजार

पुण्याहून चांदणी चौक ओलांडला की भूगाव, पिरंगुट, पौड करीत मुळशीकडे जाणारा रस्ता पुढे ताम्हिणी घाटातून कोकणात उतरतो. उघड्या टपाच्या, दोन आसनी मोटारीतून हिवाळ्याच्या सकाळी भटकायला पुणेकरांना याहून चांगला रस्ता जवळपास सापडणे कठीण. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षे सुटी करून ठेवता न येणारी जुनी मोटार मुळशी तालुक्यातील एखाद्या फार्महाऊसच्या शेडमध्ये नेऊन ठेवावी, असे हौशी माणसाच्या मनात येते तेही स्वाभाविक आहे. जागा मिळते, शांतता मिळते, खटखुट केली तरी शेजारी तक्रार करीत नाहीत. मात्र ज्या तालुक्यात पावसाचे चार महिने भिंतींना ओल सुटत नाही, तो जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला सर्वांत कठीण जाणारा प्रदेश आहे. ओलीने केलेले नुकसान निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारे नुकसान बहुधा त्याच्या कितीतरी आधी, पन्नास-साठ वर्षांपूर्वी, एखाद्या कुशल मिस्त्रीच्या हातून झालेले असते.

भारतात ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हटले की बहुतेक वेळा 'एमजी'च डोळ्यांसमोर येते. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमध्ये सेसिल किंबर यांनी मॉरिसच्या साध्या मोटारींवर हलक्या बॉड्या चढवून सुरू केलेला हा उद्योग पुढे ॲबिंग्डन येथे स्थिरावला. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४५ मध्ये 'टीसी' हे मॉडेल आले. १,२५० सीसी इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, तारांच्या आऱ्यांची उंच १९ इंची चाके, मागे उभी लावलेली पेट्रोलची टाकी. १९४९ पर्यंत अशा सुमारे दहा हजार मोटारी तयार झाल्या. त्या सगळ्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या होत्या, अमेरिकेत गेलेल्याही. त्यापाठोपाठ 'टीडी' आणि 'टीएफ' आल्या, १९५५ मध्ये 'एमजीए' आणि १९६२ मध्ये 'एमजीबी'. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला. आज भारतीय रस्त्यांवर दिसणाऱ्या नव्या एमजी मोटारींचे मूळ चिनी मालकीच्या कंपनीत आहे आणि ॲबिंग्डनशी त्यांचे नाते नावापुरतेच आहे.

भारतात या मोटारींची आवक मध्येच तुटली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, देशात उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना येथे मोटारींची जोडणी करणे अशक्य झाले. मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून मोटारी जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली. तयार परदेशी मोटार आणणे तर सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेरच गेले. त्यानंतरच्या काळातील जी तुरळक मॉडेले येथे दिसतात, त्यांतील अनेक वकिलातींच्या कर्मचाऱ्यांनी मागे ठेवलेली व स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली गेलेली आहेत. म्हणजे १९५० च्या सुमारास आलेली मोटार पुढची अनेक दशके सुट्या भागांच्या पुरवठ्याविना चालवायची, हाच येथील मालकांपुढचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर देशी मिस्त्रींनी आपल्या पद्धतीने शोधले. ॲम्बॅसॅडर ही मुळात मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यात १९५९ पासून बसविलेले १,४८९ सीसीचे 'बी सिरीज' इंजिन आणि 'एमजीए'चे पहिले इंजिन एकाच कुळातील. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे येथल्याच बाजारात मिळत. त्यामुळे 'एमजीए'च्या मालकाचे भाग्य थोर. परंतु 'टीसी' किंवा 'टीडी'चे इंजिन वेगळ्या घराण्याचे असूनही त्यांच्या बॉनेटखाली ॲम्बॅसॅडरचे अथवा फियाटचे इंजिन बसलेले आढळते. ट्रायम्फच्या मोटारींचीही अशीच कथा आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने जोडलेल्या व्हॅनगार्डचे इंजिन 'टीआर २' च्या इंजिनाचे मूळ होते आणि तेथेच बनणाऱ्या हेरल्डच्या सांगाड्यावरून ब्रिटनमध्ये स्पिटफायर घडली. जुगाडाला आज नाके मुरडणे सोपे आहे. त्या मिस्त्रींनी तो केला नसता, तर यांतील बहुतेक मोटारी भंगारात गेल्या असत्या, हे मान्यच करावे लागेल. पण ज्या युक्तीने मोटार जगली, तिनेच तिचे मूळपणही हिरावून घेतले, आणि आज तिची किंमत ठरते ती मूळपणावर.

आता या बाबीला कायद्याचीही बाजू आली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी वा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली असेल, तरच ती 'व्हिंटेज' ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, फेरनोंदणीचे शुल्क ५ हजार. नव्याने नोंदणी होणाऱ्या वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. 'एमएच' मालिका १९८९ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्यापूर्वीची पाटी टिकवलेली मोटार खरेदीदाराला अधिक भावते हे सांगायला नको. ॲम्बॅसॅडरचे इंजिन बसविलेली 'टीडी' मात्र या व्याख्येच्या दारातच अडखळते.

व्हिंटेज नोंदणीला अट आहे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, त्यासाठीचा जाण्यायेण्याचा प्रवास, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच असे वाहन रस्त्यावर आणता येते. नियमित वा व्यावसायिक वापराला बंदी आहे. रविवारी सकाळी ताम्हिणीला भजी खायला जाणे या यादीत कोठेही बसत नाही. ज्यांना ती भजी सोडवत नाहीत, त्यांना साधी खासगी नोंदणी चालू ठेवावी लागते, आणि ती दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. आयात चारचाकीसाठी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ४० हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ते ८० हजारांवर नेले. कोणता मार्ग धरायचा हे मोटार खोलण्यापूर्वीच ठरवलेले बरे, कारण कामाची दिशा त्यावर अवलंबून असते.

काम हाती घेताना पहिली शिस्त खोलण्याची. प्रत्येक भागाचे छायाचित्र, प्रत्येक बोल्टची स्वतंत्र पिशवी आणि तीवर चिठ्ठी. 'टीसी'च्या इंजिनात याचे महत्त्व अधिक आहे. मॉरिसने १९२३ मध्ये कॉव्हेन्ट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रे मेट्रिक मापाची होती. परिणामी या इंजिनातील बोल्टांचे आटे मेट्रिक, पण डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ पान्यांच्या मापाची. चॅसिसवर पुन्हा ब्रिटिश आटे. हरवलेल्या बोल्टच्या जागी बाजारातला 'बसतोय ना' म्हणून ठोकलेला बोल्ट ब्लॉकमधील आटे कायमचे खराब करून टाकतो. विजेची जोडणीही उलटी, म्हणजे बॅटरीचे धन टोक चॅसिसला. सवयीने उलटे लावल्यास भुर्दंड पडतो.

टी मालिकेच्या मोटारींचा दिसणारा पत्रा आतून लाकडी सांगाड्यावर खिळलेला असतो. कारखान्यात त्यासाठी ॲश जातीचे लाकूड वापरीत. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून सुतार सागवान वापरतात. साग वाळवीला आणि ओलीला अधिक दाद देत नाही, पण तो घाटाला वळवताना ॲशइतका लवचीक नाही. मुळशीच्या शेडमध्ये मातीच्या जमिनीवर उभ्या मोटारीला धोका आहे तो येथेच. पत्रा चकचकीत असतो आणि दाराच्या खांबाचा बुंधा वाळवीने पोकळ केलेला असतो. दार उघडून ते किंचित वर उचलून पाहावे. खालच्या बिजागरीपाशी हालचाल जाणवली तर रंगाच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही. सांगाडा आधी, दारे बसवून रेषा जुळवणे नंतर, पत्र्याचे काम त्यानंतर आणि रंग सर्वांत शेवटी. हा क्रम उलटवून आधी रंग काढणाऱ्याला तो दोनदा काढावा लागतो. पुट्टी जितकी जाड, तितका विक्रीच्या वेळी चुंबक घेऊन फिरणाऱ्या खरेदीदाराचा आनंद मोठा. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, मुळशीत रंगाचे काम काढूच नये. हवेतील दमट कण रंगाखाली अडकतात आणि दोन वर्षांत फोड येऊ लागतात. हे महिने इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि कमान पाट्यांच्या कामाला द्यावेत. जमीन सिमेंटची असावी, मोटार ठोकळ्यांवर उचललेली असावी आणि प्लॅस्टिकने गुंडाळलेली मुळीच नसावी. आत कोंडलेली ओल बाहेरच्या पावसाहून वाईट.

इंधनाकडेही पाहिले पाहिजे. देशात शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. शिशाचा थर जुन्या बिडाच्या हेडमधील व्हॉल्व्ह सीटांना झिजेपासून जपत असे. म्हणून हेड उघडलेच असेल तर कडक धातूच्या सीटा बसवून घेणे शहाणपणाचे, आणि बाहेरून न दिसणारा हा बदल जाणकारही आनंदाने स्वीकारतात. दुसरी अडचण नवी आहे. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल आले. इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या, गॅस्केटे, टाकीतील गंज या सर्वांना त्याचा त्रास होतो. दमट शेडमध्ये महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या मोटारीची टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवणे, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालणे, हा आता खर्चाचा नित्याचा भाग झाला.

सुटे भाग हा पूर्वीइतका अवघड विषय राहिलेला नाही. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार आणि कुर्ल्याचा भंगार बाजार येथे चिकाटी असणाऱ्याला अजूनही काही सापडते, पण खरा पुरवठा आता ब्रिटनमधून होतो. 'एमजीबी'ची संपूर्ण नवी बॉडी तेथे १९८८ पासून मिळू लागली. अशी नवी बॉडी घातली की मोटार निर्दोष होते आणि व्हिंटेजच्या व्याख्येपासून एक पाऊल दूर जाते, हेही लक्षात ठेवायला हवे.

विक्रीच्या वेळी यंत्रापेक्षा कागद अधिक छळतात. आजोबांच्या नावावरील आरसी बुक, मग वडिलांनी चालवलेली मोटार, मग नातवाने केलेला जीर्णोद्धार, आणि मधल्या कोणाच्याही नावावर हस्तांतर नाही, ही अवस्था अपवादात्मक नव्हे. मालक निवर्तल्यास वारसाने फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचे असते. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यात जाणार असल्यास फॉर्म २८ चा ना हरकत दाखला. त्याच राज्यातील विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत, घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे. इंजिन बदललेले असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्या बदलाची नोंद झालेली हवी. बुकातील इंजिन क्रमांक एक आणि ब्लॉकवर ठोकलेला दुसरा, असे असल्यास कितीही उत्तम रंग मोटार वाचवू शकत नाही. क्रमांक घासून नवा ठोकणे हा तर सरळ गुन्हा आहे. त्यापेक्षा बदल झाल्याचे उघड सांगून कमी किंमत घेणे परवडते.

जगाच्या बाजारात अशा मोटारीची ओळख कारखान्याच्या नोंदींवरून पटवतात. 'एमजीए' आणि 'एमजीबी' कोणत्या तारखेला, कोणत्या रंगात, कोणत्या देशासाठी बाहेर पडली याचे प्रमाणपत्र इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियममधून मिळते. टी मालिकेसाठी १९३० मध्ये स्थापन झालेला एमजी कार क्लब उपयोगी पडतो. महाराष्ट्रात १९१९ पासूनची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन आणि मुंबईचा व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया यांच्या वर्तुळात मोटार ओळखीची झालेली असणे खरेदीदाराला धीर देते.

किमतीबाबत एक अप्रिय गोष्ट मालकाला आधीच ठाऊक असावी. मजुरी, आयात भाग, त्यांवरील सीमाशुल्क आणि शेडचे भाडे यांची बेरीज विक्रीच्या रकमेत पूर्ण उतरेलच असे नाही, आणि सामान्य 'टीडी'च्या बाबतीत ती बहुधा उतरत नाही. जी मोटार मूळ इंजिनासह, मूळ पाटीसह आणि अखंड कागदांसह आहे, तिच्यावर कमी हात चालवलेलाच बरा; थोडा विटलेला जुना रंग नव्या रंगाहून मोलाचा ठरू शकतो. जिचे इंजिन केव्हाच गेले, ती आवडीने दुरुस्त करून चालवावी. दोन्ही परिस्थितींत मोटारीतून काढलेले जुने भाग, तुटका डायनामो, कुजलेल्या लाकडाचा दारखांबसुद्धा, टाकून देऊ नये. नवा मालक त्या खोक्यातूनच पाहतो की कारखान्यात ही मोटार कशी बांधली होती, आणि खांब पुन्हा घडवायची वेळ आली तर सुताराला माप तेथूनच मिळते.