गडग्यावरचं कृष्णकमळ

आमच्या परसात चिऱ्यांच्या गडग्यावर कृष्णकमळाचा वेल आहे. लहानपणी आजीने त्याचं फूल तळहातावर ठेवून महाभारत सांगितलं होतं. भोवतीचे निळे तंतू म्हणजे शंभर कौरव, मधले पाच पुंकेसर पांडव आणि अगदी वरचे तीन शेंडे ब्रह्मा-विष्णू-महेश. कौरव मी कितीदा तरी मोजले. शंभर कधी भरले नाहीत, पण आजीपुढे बोलायची सोय नव्हती.

गडग्यापलीकडच्या शेजारीणबाई याच फुलाला पॅशन फ्लॉवर म्हणतात. त्यांच्या लेखी तंतू म्हणजे ख्रिस्ताचा काटेरी मुकुट, पाच पुंकेसर त्याच्या पाच जखमा आणि तीन शेंडे तीन खिळे. हा अर्थ अमेरिकेत गेलेल्या पाद्र्यांनी लावला. मेक्सिकोहून फुलाची चित्रं रोमला पोचली, तेव्हा जाकोमो बोझियो या लेखकाला ती अतिशयोक्तीच वाटली. तिकडून आलेल्या जेझुइटांनी खात्री दिल्यावर त्याने १६१० सालच्या आपल्या क्रुसावरील ग्रंथात फुलाला जागा दिली. काटे म्हणे ७२! पुढे १७५३ साली लिनियसने पॅसिफ्लोरा हे नाव पक्कं केलं, तेही ख्रिस्ताच्या यातनांवरूनच.

म्हणजे आपली कथा फार जुनी असू शकत नाही. बागेतली कृष्णकमळं मूळची अमेरिकेतली, त्यातली निळी-पांढरी जात ब्राझील-अर्जेंटिनाकडची. व्यासांनी ती पाहिलेली नाहीत. हे कळल्यावर एका स्नेह्याने ते फूल देवाला वाहणंच सोडलं. पण मग दसऱ्याचा झेंडूही मेक्सिकोकडचा आणि देवळापुढचा चाफाही अमेरिकेतला. तोरण कशाचं बांधायचं? कुणा अनामिकाला या परक्या फुलात पाच पांडव दिसले, त्याचं मला तर कौतुकच वाटतं.

वेल मोठा चिवट. पावसाच्या तोंडावर दोन-तीन पेरांची काडी लावली की धरते. मुळाशी पाणी मात्र साचता कामा नये, म्हणून आपल्या पावसात उंचवटा बरा. फुलं नव्या फुटीवर येतात, तेव्हा छाटायला भिऊ नका. काटेरी सुरवंट कधी कधी सगळी पानं फस्त करतात. मी त्यांना मारत नाही. वेल पुन्हा पालवतो.

गेल्या जूनमध्ये शेजारीणबाईंनी एक काडी मागून नेली. त्यांच्या अंगणातल्या खुरसाजवळ पहिलं फूल उमललं, तेव्हा मुद्दाम हाक मारून त्यांनी मला बोलावलं. त्या काटे मोजायला लागल्या, मी कौरव. मोजता मोजता दोघांचाही आकडा चुकला.