मारिएनथालची घड्याळं

मंडळी, चार महिने इथे काहीच लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. गंमत बघा, नोकरी होती तेव्हा दर शनिवारी कसाबसा वेळ काढून काहीतरी लिहायचो. नोकरी गेली आणि लिहिणंच बंद पडलं!

हो, नोकरी गेली. एका गुरुवारी सकाळी अकराला आमच्या अख्ख्या टीमला मीटिंगला बोलावलं आणि साडेअकराला लॅपटॉप जमा झाले. हातात तीन महिन्यांचा पगार मिळाला. खरं सांगू? घरी येताना मला थोडं बरंच वाटत होतं. माझ्याकडे पंचविशीपासून एक एक्सेल शीट आहे. त्यात एसआयपी, पीएफ, महागाईचा दर वगैरे टाकून मी एक तारीख काढून ठेवलीय. त्या तारखेला मी ४२ वर्षांचा असेन आणि नोकरी कायमची सोडेन. तुमच्यापैकी निम्म्या लोकांकडे असं शीट असणार, मला माहितेय. म्हटलं चला, त्या आयुष्याचं ट्रायल व्हर्जन फुकटात मिळालं.

लगेच यादी केली. तबला परत सुरू करायचा, घेऊन ठेवलेली सतरा पुस्तकं वाचायची, पहाटे टेकडीवर जायचं. पाचव्या आठवड्यात हिशोब केला तर सतरापैकी एका पुस्तकाच्या चाळिसाव्या पानापर्यंत पोचलो होतो. तबल्याची खोळही काढली नव्हती. आंघोळ दुपारी एकला. आणि दिवसभर काय केलं म्हणून कोणी विचारलं तर सांगता येत नव्हतं. "आराम" म्हणावं तर आरामही वाटत नव्हता.

हे रडगाणं अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला ऐकवलं. तो म्हणाला, "मारिएनथाल वाच." ते वाचलं, आणि आजचा लेख त्यावरच.

मारिएनथाल ही ऑस्ट्रियातली, व्हिएन्नाजवळच्या ग्रामाटनॉयझीडल गावातली कामगार वस्ती. १८३० साली तिथे कापडगिरणी सुरू झाली आणि वस्ती त्या गिरणीवरच वाढली. आजोबा गिरणीत, बाप गिरणीत, मुलगा गिरणीत. १९२९ मध्ये मंदी आली, एकेक खातं बंद पडत गेलं आणि १९३० च्या सुरुवातीला सगळंच थांबलं. गावात साधारण पावणेपाचशे कुटुंबं, आणि त्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश बेकारभत्त्यावर.

१९३१ च्या हिवाळ्यात व्हिएन्नाहून काही तरुण संशोधक तिथे आले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल ही त्यातली मुख्य नावं. सगळे साधारण आपल्याच वयाचे, याहोडा तर तेव्हा चोवीस वर्षांची होती. त्यांचा एक नियम मला फार आवडला: गावात नुसतं बघे म्हणून कोणी जायचं नाही. प्रत्येकाने गावाच्या उपयोगाचं काहीतरी करायचं. म्हणून त्यांनी कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरांची तपासणी ठेवली, शिवणाचे वर्ग घेतले. आणि हे करता करता नोंदी ठेवल्या.

संशोधकांना वाटत होतं की बेकार माणसं चिडतील, उठाव करतील. निदान हाताशी वेळ आहे म्हटल्यावर वाचतील, सभांना जातील. झालं भलतंच. गावात कामगारांचं चांगलं वाचनालय होतं. बेकारीच्या काळात वर्गणी माफ केली होती, तरी १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्यांच्या पक्षाचं वर्तमानपत्र बेकारांना स्वस्तात मिळायचं, त्याचेही वाचक घटले. (माझ्या सतरा पुस्तकांची आठवण झालीच.)

मग त्यांनी लोकांचं चालणं मोजलं. अक्षरशः घड्याळ हातात घेऊन, लपून. मुख्य रस्त्याने जाणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश वाटेत निदान दोनदा थांबायचे. कुठे जायची घाईच नव्हती. १०० पैकी ८८ पुरुषांच्या अंगावर घड्याळ नव्हतं. लोकांकडून दिवसाचा तक्ताही भरून घेतला. सकाळी पोरांना उठवलं, दुपारी जेवलो, एवढं पुरुषांना आठवायचं. मधल्या तासांत काय केलं ते सांगताच येईना. मी हे वाचून फोन बाजूला ठेवला आणि जरा वेळ नुसता बसून राहिलो.

पण बायका? बायका भरभर चालत होत्या. त्यांचा तक्ता सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेला. स्वयंपाक, धुणं, तेच कपडे पुन्हा पुन्हा उसवून शिवणं, अपुऱ्या पैशात महिना ओढणं. संशोधकांचा निष्कर्ष असा की ह्या बायकांचा पगार गेलाय, काम गेलेलं नाही.

मी हे आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "त्यासाठी व्हिएन्नाहून माणसं कशाला यायला हवी होती? उठ, दळण टाकून ये."

पण थांबा, अहवालात पुढे आणखी एक गोष्ट आहे. ह्याच बायकांना विचारलं, गिरणी परत सुरू झाली तर जाल का? गिरणीत असताना त्यांना घरकाम रात्री करावं लागायचं, दुप्पट ओझं. तरी बऱ्याच जणी म्हणाल्या, जाऊ, आणि नुसत्या पैशासाठी नाही. गिरणीत चार माणसं भेटायची, घराबाहेरचं जग होतं. म्हणजे हात रिकामे नसले की झालं, एवढं सोपं हे प्रकरण नाही.

हा अहवाल १९३३ साली जर्मनीत छापला गेला. तेव्हा हिटलर नुकताच सत्तेवर आलेला, आणि लेखकांची नावं ज्यू म्हणून मुखपृष्ठावर ती घातलीच नाहीत. याहोडाला पुढे १९३६ मध्ये तुरुंगात टाकलं आणि १९३७ मध्ये देश सोडायला लावला. ती इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, तिने बेकारीवरच एक पुस्तक लिहिलं. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: नोकरी उघडपणे पगार देते, पण त्याच्या आडून आणखी पाच गोष्टी देते. दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, आपल्या एकट्यापेक्षा मोठ्या कामात वाटा, समाजात एक ओळख, आणि रोज हातपाय हलवायची सक्ती. पगार थांबला की माणसाला पैशाचीच काळजी लागते. ह्या पाच गोष्टीही गेल्यात हे नंतर कळतं.

माझ्या एक्सेल शीटमध्ये ह्यातल्या एकाही गोष्टीला रकाना नव्हता.

आता प्रश्न असा, की पगाराशिवाय ह्या पाचही गोष्टी कोणाला मिळाल्यात का? उत्तर मला पुण्यातच सापडलं, आणि तेही आईने माळा आवरायला लावला म्हणून. एका ट्रंकेत पणजोबांचे मोडीतले कागद निघाले. घरात कोणालाच वाचता येईनात. म्हणून मी मोडी शिकवणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे जायला लागलो. दर मंगळवारी संध्याकाळी सहाला. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "राजवाडे माहीत आहेत का?" मी म्हटलं, नाव ऐकलंय. एवढंच खरं होतं.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, जन्म १८६३. १८९१ मध्ये बी.ए. झाले. त्या काळात बी.ए. म्हणजे सरकारी नोकरी चालून यायची. त्यांनी तीनेक वर्षं शाळेत शिकवलं आणि नोकरी सोडली. बायको तरुणपणीच वारली होती, पुन्हा लग्न केलं नाही. त्यानंतर १९२६ मध्ये धुळ्याला वारेपर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ, हा माणूस गावोगाव जुने कागद शोधत हिंडला. वाड्यांचे माळे, देवळं, जुनी दप्तरं. लोक कागद दाखवायला तयार नसत, काही ठिकाणी ते वाळवीने खाल्लेले असत. मिळेल ते वाचायचं, उतरवून घ्यायचं, छापायचं. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ ची, पानिपतपर्यंतची पत्रं होती. असे एकूण २२ खंड झाले. १९१० मध्ये त्यांनी खंडेराव मेहेंदळ्यांबरोबर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. सदाशिव पेठेतल्या मंडळाच्या त्या इमारतीवरून मी हजार वेळा बाईक घेऊन गेलो असेन, आत कधी डोकावलो नव्हतो.

याहोडाची यादी राजवाड्यांना लावून बघा. दिवसाला आकार आहे, गावोगावची माणसं आहेत, काम आपल्यापेक्षा केवढं तरी मोठं आहे. ओळखीचं तर विचारूच नका, लोक त्यांना आजही इतिहासाचार्य म्हणतात. हे सगळं त्यांना कुठल्या कंपनीने दिलं नाही, त्यांनी स्वतः उभं केलं. मला वाटतं गोम इथे आहे. आपण नोकरी सोडून "मोकळं" व्हायचं म्हणतो. राजवाडे मोकळे कधी नव्हतेच. कदाचित आपल्या ऑनसाइटवाल्यांपेक्षा जास्त बांधलेले होते.

पण इथे थांबलो तर ते व्हॉट्सअपवरचं सुविचारछाप होईल. राजवाडे एकटे होते, शिकलेले होते, मदत करणारे स्नेही होते, आणि मुख्य म्हणजे त्यांनी नोकरी स्वतः सोडली होती. मारिएनथालच्या विणकराच्या घरी पोरं होती आणि त्याला कोणी विचारलंच नव्हतं. त्या संशोधकांनी १०० कुटुंबं बारकाईने तपासली. त्यातली फक्त १६ खचलेली नव्हती, पुढचे बेत करत होती. ४८ निमूटपणे दिवस काढत होती, बाकीची पार मोडून पडलेली. आणि हे गट उत्पन्नाशी जुळत होते. न खचलेल्यांकडे मोठ्या माणसामागे महिन्याला साधारण ३४ शिलिंग, सगळ्यात ढासळलेल्यांकडे १९. म्हणजे मनाचा कणखरपणा वगैरे ठीक आहे, पण त्याखाली शिलिंग होते. माझ्याकडेही तीन महिन्यांचा पगार आणि आईबाबांचं घर होतं म्हणून मी मोडी शिकू शकलो. ज्याच्या डोक्यावर होम लोन आहे त्याला मी हे ऐकवणार नाही. त्यामुळे एसआयपी बंद करू नका!

मोडीचं म्हणाल तर, पणजोबांचा एक कागद आता बऱ्यापैकी लागतो. इतिहासाला त्याचा काडीचा उपयोग नाही. शेजाऱ्याकडून घेतलेल्या बैलाच्या पैशाची ती चिठ्ठी आहे, त्यात पणजोबांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागितलीय. पण ती पहिली ओळ सुटली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी आईबाबांना झोपेतून उठवलं. शेवटच्या रिलीजनंतर असं कोणाला उठवावंसं मला वाटलं नव्हतं. आणि दर मंगळवारी माझी आंघोळ सकाळी आठच्या आत होते, कारण संध्याकाळपर्यंत गृहपाठ संपवायचा असतो. गुरुजी वही तपासतात. चक्क लाल शाईने.

परवा सोमवारपासून नवीन नोकरी सुरू. शीटमधली तारीख तीच ठेवलीय, ४२. फक्त खाली पाच ओळी वाढवल्यात. त्यातली एक अर्धीमुर्धी भरलीय, चार रिकाम्या आहेत, आणि त्या भरायला माझ्याकडे तेरा वर्षं आहेत.

नव्या मॅनेजरला एकच सांगून ठेवलंय: मंगळवारी साडेपाचला निघणार.